शेऱ्याचा रकाना

कराडच्या एसटी स्टँडवर सकाळी साडेसहाला आम्ही चौघं उभे होतो. नगरचा, सोलापूरचा, बारामतीची आणि मी. तिघं आदल्या रात्री माझ्याकडे मुक्कामाला होते. पिठलं-भाकरी खाऊन अंथरुणं टाकली, पण दोन वाजेपर्यंत कुणी दिवा मालवू दिला नाही. १९९४ साली पुणे विद्यापीठातून बी.लिब. होऊन बाहेर पडलो, त्यानंतर चौघं एका छपराखाली पहिल्यांदाच आलो होतो. मधल्या काळात लग्नं, बदल्या, मुलांच्या परीक्षा, आईवडिलांची आजारपणं. फोनवर सगळं कळत होतं, भेट तेवढी होत नव्हती.

जायचं होतं चिपळूणला. तिथे कोकणातल्या ग्रंथपालांचं दोन दिवसांचं विभागीय अधिवेशन होतं, आणि आम्हाला बोलावलं होतं आमच्या वर्गातल्या पाचवीनं, कोलननं. हे तिचं टोपणनाव. रंगनाथनांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती, १९३३ सालची, जिला सगळे कोलनच म्हणतात, ती आमच्यापैकी बहुतेकांना परीक्षेपुरतीच पचली. हिला मात्र ती मनापासून आवडायची. पुस्तक हातात आलं की त्याचा विषय पैलूंमध्ये फोडून दाखवायची आणि वर्गांक फळ्यावर लिहून बाजूला व्हायची. वर्गात पहिली आली तीच. पुढे लग्न होऊन खाडीकाठच्या एका गावी गेली आणि तिथल्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल झाली. आम्ही बाकीचे महाविद्यालयांत लागलो. आम्हाला वेतनश्रेणी मिळाली. तिला अनुदान आलं की मिळणारं मानधन. हा फरक आम्हा सगळ्यांना ठाऊक होता, आणि तिच्याशी फोनवर बोलताना आम्ही तो विषय टाळत आलो होतो.

पत्रासोबत तिनं एक यादी पाठवली होती. पाच पुस्तकं, प्रत्येकापुढे लेखक, आवृत्ती, प्रकाशक. खाली एक ओळ: येताना हार-नारळ आणू नका, यातलं एकेक आणलंत तर बरं. पाचपैकी तीन पुस्तकं छापून संपलेली होती. सोलापूरकरानं त्याच्या शहरातली जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घातली, बारामतीकरणीनं पुण्यात अप्पा बळवंत चौकात दोन दिवस काढले. सगळी मिळाली. ती माझ्या पिशवीत होती, जुन्या साडीत गुंडाळलेली.

गाडी विजयनगर ओलांडून पाटणच्या रस्त्याला लागली. डिसेंबर, म्हणजे उसाचा हंगाम. ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्यांमागे गाडी रेंगाळत होती आणि खिडकीतून पाचटाचा वास येत होता. हा गुहागर–विजापूर रस्ता. लहानपणी भूगोलाच्या सरांनी सांगितलं होतं की याच रस्त्यानं एका बाजूला समुद्र लागतो आणि दुसऱ्या बाजूला गोलघुमट. पाटणच्या पुढे नदी सोबतीला येते. कोयनानगरला गाडी थांबली तेव्हा नगरकर म्हणाला, "१९६७." भूकंप आठवला असेल असं मला वाटलं; ११ डिसेंबर १९६७, आजही इथली म्हातारी माणसं त्या पहाटेवरून काळ मोजतात. पण तो पुढे म्हणाला, "आपला कायदाही त्याच सालचा." खरंच की. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा. गावोगावच्या वाचनालयांना मान्यता, अ-ब-क-ड असे वर्ग आणि परिरक्षण अनुदान, हे सगळं त्या कायद्याच्या आधारानं उभं राहिलं. राज्यात आज अकरा-बारा हजार सार्वजनिक ग्रंथालयं आहेत. बहुतेक एका खोलीची, एका माणसाची.

मग गाडीत गप्पा निघाल्या त्या आमच्याच कुळाच्या. भारतात ग्रंथपालाचं रीतसर शिक्षण सुरू झालं बडोद्यात, १९११ साली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा मुलगा दत्तक जाऊन बडोद्याचा राजा होतो, अमेरिकेतली ग्रंथालयं बघून येतो, तिथून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून घेतो आणि संस्थानात गावोगाव मोफत वाचनालयं उघडतो. पाठोपाठ लक्षात येतं की वाचनालयं उघडली, ती चालवणारी माणसं कुठून आणायची? म्हणून वर्ग. बडोद्याहून पुस्तकांच्या पेट्या खेड्यांत फिरायच्या. गावानं वाचायच्या आणि परत करायच्या. रंगनाथनांनी ग्रंथपालन हाती घेतलं ते त्यानंतर, १९२४ साली, मद्रास विद्यापीठात. ते गणिताचे प्राध्यापक होते. "आपल्या धंद्यात राजा आला तो मराठी," असं बारामतीकरीण अभिमानानं म्हणाली. मला तिचा तो अभिमान आवडला.

घाटमाथ्यावर गाडी चहाला थांबली. कुंभार्ली घाट कराडकडून चढताना घाट वाटतच नाही. रस्ता आपला वळत वळत वर जातो. आणि एका वळणावर जमीन संपते. खाली पोफळीचं खोरं, त्यात धुक्याचे पुंजके, आणि पार पश्चिमेला एक फिकट पट्टा, तो खाडीचा की आभाळाचा ते सांगता येत नाही. कोयनेचं पाणी इथेच डोंगराच्या पोटातून खाली सोडलं आहे. पूर्वेला कृष्णेकडे जाणारं पाणी बोगद्यातून पश्चिमेला येतं, पोफळीच्या भूमिगत वीजगृहातली जनित्रं फिरवतं आणि शेवटी वाशिष्ठीला मिळतं. चिपळूण त्या वाशिष्ठीच्या काठावर.

चिपळूणला उतरलो तेव्हा ग्रंथदिंडी निघत होती. पालखीत ज्ञानेश्वरी आणि गाथा, पुढे शाळेचं लेझीम पथक, मागे नऊवारी नेसलेल्या महिला ग्रंथपाल, त्यांच्यामागे फेटेवाले कार्यवाह. मी अनेक चर्चासत्रांना गेले आहे. वातानुकूलित सभागृह, लेझर पॉइंटर, प्रमाणपत्र. इथली माणसं वेगळी होती. मंडणगडहून आलेला एक ग्रंथपाल पहाटे साडेतीनला निघाला होता. एकीनं वाचनालयाची किल्ली शेजारच्या किराणा दुकानात ठेवली होती, दोन दिवस देवघेव दुकानदार करणार होता. नोंदणीच्या टेबलावर कापडी पिशवी आणि वही मिळाली. नाश्त्याला आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ.

तेवढ्यात कोलन दिसली. केस पांढरे झाले होते, चष्मा जाड झाला होता, चालणं तेच, भराभर. आम्हा चौघांना तिनं एकेकाचा हात धरून बघितलं आणि विचारलं, "पुस्तकं आणलीत?"

उद्घाटनात कोकणातल्या वाचनालयांच्या वयांची उजळणी झाली. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. ही सालं ऐकताना मला नेहमी एक गोष्ट हलवून जाते. १८२८ साली मराठीत छापलेली पुस्तकं होती तरी किती? बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघायला अजून चार वर्षं होती. वाचायला फारसं काही नसताना या माणसांनी वाचनालय काढलं.

त्यानंतर ठराव आले. वेतनश्रेणी, सेवाशर्ती, अनुदानाचे हप्ते वेळेवर. २०२२ साली सरकारनं अनुदान ६० टक्क्यांनी वाढवलं, पण त्याआधीची दहा वर्षं ते जागचं हललं नव्हतं. एक ग्रंथपाल उठून एवढंच म्हणाले की माझ्या पगारापेक्षा माझ्या वाचनालयात येणाऱ्या मासिकांची वर्गणी जास्त आहे. सभागृह गप्प झालं. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी नेमलेल्या व्यंकप्पा पत्की समितीचा अहवाल येऊनही बरीच वर्षं झाली. तेव्हापासून ही मागणी चालत आली आहे, आणि ती मागणारे हात दरवेळी निराळे असतात, कारण आधीचे निवृत्त झालेले असतात. आम्ही चौघं तिसऱ्या रांगेत बसलो होतो. आमच्यातल्या कुणाच्याही पगाराला कधी हप्ते पडले नव्हते.

दुपारी जेवणाआधीचा निबंध माझा होता. विषय: बारकोड आणि ग्रंथपडताळणी. महाविद्यालयातली ४० हजार पुस्तकं पूर्वी पडताळायला सुट्टीचा अख्खा महिना जायचा, आता चार दिवस लागतात, हे मी आकड्यांनिशी मांडलं. वाचकाचा वेळ वाचवायला रंगनाथनांच्या चौथ्या सूत्रानं शिकवलं, तसा कर्मचाऱ्याचाही वाचवला पाहिजे, असं म्हटलं. आणि ओघात एक वाक्य बोलून गेले: संगणकात माहिती भरून झाली की जुन्या दाखल नोंदवह्या जपण्याचं कारण उरत नाही. टाळ्या पडल्या. कोलन पहिल्या रांगेत होती. टाळ्या तिनंही वाजवल्या.

तिचा निबंध जेवणानंतरचा, म्हणजे सगळ्यात वाईट वेळेचा. कुळथाचं पिठलं, भात, सोलकढी झालेली. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. तिनं कागद समोर ठेवला, पण वाचला नाही.

२६ जुलै २००५ ला तिच्या गावात पहिल्यांदा पाणी शिरलं. वाचनालय तेव्हा ग्रामपंचायतीच्या तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर दार ढकललं तर उघडेना. आत फुगलेली पुस्तकं दारावर दाबून बसली होती. भिजलेला कागद दोन दिवसांत वाळला नाही तर बुरशी धरतो, हे तिला ठाऊक होतं. गुळगुळीत कागदाची पुस्तकं ओली असतानाच पान अन् पान सोडवावी लागतात, नाहीतर त्यांची वीट होते, हेही ठाऊक होतं. आम्हाला वर्गात फ्लॉरेन्सच्या १९६६ च्या पुराबद्दल शिकवलं होतं. आर्नो नदीचं पाणी तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात शिरलं आणि देशोदेशीची तरुण मुलं जाऊन चिखलातून पुस्तकं काढत राहिली. पण कोकणातल्या जुलैत वाळवायचं कुठे? हवेतच पाणी. वीज नाही, पंखा नाही. शाळेच्या व्हरांड्यात सुतळ्या बांधून तिनं आणि मुलांनी पातळ पुस्तकं उलटी टांगली. जाड पुस्तकं उभी करून पानं पंख्यासारखी उलगडून ठेवली. वर्तमानपत्राचे कागद मध्ये घालायचे, दर दोन तासांनी बदलायचे. शे-सव्वाशे वाचली.

"त्याचं दुःख झालं," ती म्हणाली, "पण मी रडले ते नोंदवही उघडल्यावर."

वाचनालयाची पहिली दाखल नोंदवही. संस्था निघाली त्या दिवसापासूनची, क्रमांक १ पासून. सगळी शाईच्या पेनानं लिहिलेली, आणि पाण्यानं ती शाई पसरून पानं फिक्या निळ्या रंगाची झाली होती. आखलेले रकाने दिसत होते, त्यांत अक्षर नव्हतं. ऐंशीच्या दशकात कुणा ग्रंथपालानं बॉलपेन वापरायला सुरुवात केली, तिथून पुढचं सगळं जसंच्या तसं शाबूत. म्हणजे साधारण पहिली दोन हजार पुस्तकं कोणती होती, कुणी दिली होती, किती किमतीची होती, यातलं काही सांगता येईना. पंचनाम्याला तलाठी आले. काय गेलं, असं त्यांनी विचारलं. तिला सांगता आलं नाही.

मग मदत आली. तिला त्या मदतीला नावं ठेवायची नव्हती, लोकांनी मनापासून पाठवलं. पण आलं ते जुनी गाइडं, अभ्यासक्रम बदललेली पाठ्यपुस्तकं, दिवाळी अंकांचे गठ्ठे, एकाच आध्यात्मिक पुस्तकाच्या साठ प्रती. टेम्पो भरून. ती वाळवायची नव्हती, पण ठेवायलाही जागा नव्हती, आणि परत पाठवणं बरं दिसत नव्हतं. काय हवंय असं कुणी विचारलंच तर सांगायला यादी नव्हती. नोंदवहीच गेली होती.

२२ जुलै २०२१. या वेळी पाणी पहाटे चढलं. सासऱ्यांना वरच्या घरात पोचवून ती वाचनालयाकडे धावली तेव्हा गुडघाभर पाणी होतं. एका फेरीपुरता वेळ होता. तिनं कपाटातून उरलेल्या तीन दाखल नोंदवह्या काढल्या, खताच्या रिकाम्या पिशवीत घातल्या, तोंड दोरीनं बांधलं आणि डोक्यावर घेऊन शाळेच्या माळ्यावर नेल्या. दुसऱ्या फेरीला कंबरेपर्यंत पाणी आलं होतं, लोकांनी तिला सोडलं नाही.

गावात नंतर बोलणं झालं. बाईंनी ज्ञानेश्वरी सोडली, कादंबऱ्या सोडल्या, आणि हिशेबाच्या वह्या वाचवल्या. एका सदस्यांनी बैठकीत विचारलं, या वह्या आता वाचायला देणार का लोकांना? तिनं उत्तर दिलं नाही. ती नोंदवही घेऊन बसली. गेलेल्या प्रत्येक पुस्तकापुढे पेन्सिलीनं खूण. निर्लेखनाची यादी क्रमांकवार तयार झाली, समितीचा ठराव झाला, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे गेली. त्याच यादीतून तिनं दुसरी एक यादी केली: यातलं काय पुन्हा हवं. देवघेवीच्या नोंदींवरून कोणतं पुस्तक वर्षातून किती वेळा बाहेर जायचं ते तिला सांगता येत होतं. मदतीला जो फोन येई त्याला ती पाच नावं द्यायची. पाचच. मुंबईतल्या एका चाळीनं मिळून चाळीस पुस्तकं घेतली, यादीतली. आम्हाला आलेलं पत्र त्याच यादीतलं होतं, शेवटच्या पाच नावांचं.

तिचं बोलणं संपलं तेव्हा मागच्या खुर्च्या भरल्या होत्या. कधी भरल्या ते मला कळलं नाही. मी खाली बघत होते. नोंदवह्यांबद्दलचं माझं वाक्य तिनं उच्चारलंही नव्हतं.

रात्री मुक्काम एका मंगल कार्यालयात होता. गाद्या टाकलेल्या, डासांसाठी उदबत्ती लावलेली. बाकीचे झोपल्यावर मी तिला ते सांगितलं, जे गेली कित्येक वर्षं मी कुणाजवळ बोलले नव्हते. २०११ साली आमच्या महाविद्यालयात संगणकीकरण पूर्ण झालं. एकोणीस नोंदवह्या होत्या. जागेची अडचण होती, वरून विचारणा आली, आणि त्या रद्दीत द्यायच्या कागदावर सही माझी होती. कुणी जबरदस्ती केली नाही. मी सुटले म्हणून सही केली. चार वर्षांनी एक गृहस्थ आले. त्यांच्या वडिलांनी, निवृत्त शिक्षकांनी, आपला सगळा संग्रह आम्हाला दिला होता. वडील वारले होते. मुलाला ती पुस्तकं फक्त बघायची होती, हात लावायचा होता. संगणकात शीर्षक होतं, लेखक होता, किंमत होती. पुस्तक कुणी दिलं ते नव्हतं. मी त्यांना चहा दिला आणि परत पाठवलं.

कोलननं सगळं ऐकून घेतलं. तिला मी अनेक वर्षं ओळखते. ती समजूत घालणार नाही हे मला माहीत होतं. तिनं विचारलं, "शेऱ्याचा रकाना घेतला होतात का सॉफ्टवेअरमध्ये?"

"नाही."

"आणि 'कोठून मिळाले'?"

"तोही नाही. तेव्हा वाटलं, कोण बघतंय."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ज्या पुस्तकांच्या पुठ्ठ्याच्या आत देणगीचा शिक्का असेल ती तरी मिळतील. कपाटं एकेक करून उघडावी लागतील. ४० हजार ना? दोन वर्षं लागतील तुला." जरा थांबून तिनं विचारलं, "निवृत्तीला किती राहिलीत?"

"तीन."

"मग होईल," असं म्हणून तिनं कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी समारोप सोडून आम्ही तिच्या गावी गेलो. रिक्षा खाडीच्या कडेकडेनं जात होती. ओहोटी होती, खाजणाच्या चिखलात होड्या कलंडून पडल्या होत्या, तिवरांची मुळं उघडी. दाभोळच्या बाजूनं वारा येत होता. वाचनालय आता शाळेशेजारी, चढावर. एक खोली, सात लोखंडी कपाटं, दोन बाकं, रंगनाथनांची तसबीर आणि तिच्याखाली वाड्यांवर पाठवायच्या पुस्तकांची पत्र्याची पेटी. तीन वाड्या आहेत, महिन्यातून एकदा पेटी बदलते. भिंतीवर दोन रेघा मारलेल्या, एकीवर २००५, दुसरीवर २०२१. जुन्या जागेतली उंची मोजून तिनं त्या इथे आखून घेतल्या होत्या. दोन्ही माझ्या डोक्याच्या वर होत्या.

तिनं नोंदवह्या टेबलावर ठेवल्या आणि चहाचं बघायला गेली. मी वाचू लागले. दाखल दिनांक, दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, आवृत्ती, प्रकाशक व स्थळ, वर्ष, पृष्ठे, किंमत, कोठून मिळाले, वर्गांक, शेरा. पहिले अकरा रकाने सगळ्या ग्रंथालयांत सारखेच असतात. ८९१.४६ च्या खाली मराठी साहित्य, ते कुठेही तसंच. वाचावा तो शेवटचा. 'वाळवी.' 'सभासदाकडून हरवले, दंडासह किंमत जमा.' 'सभासद मुंबईस गेले, पुस्तक सोबत.' 'मुलाने पाने फाडली, वडिलांनी नवीन आणून दिले.' 'कोठून मिळाले' मध्ये राजा राममोहन रॉय प्रतिष्ठान, अनुदानातून खरेदी, आणि मधूनच: 'कै. आईच्या स्मरणार्थ', 'मुलगी दहावी उत्तीर्ण झाल्याबद्दल', 'बोटीवरून रजेवर आले असता'. मग एका पानापासून पुढे सरळ रेघेत, शेकड्यांनी, एकच शेरा, तिच्या बारीक अक्षरात: 'पूर, २२-७-२१. निर्लेखित.' प्रत्येक ओळीत तिनं तो वेगळा लिहिला होता. 'वरीलप्रमाणे' अशा खुणा नव्हत्या, कंस टाकून एकदाच लिहिलेलं नव्हतं.

आमचे वर्गशिक्षक म्हणायचे, दाखल नोंदवही म्हणजे ग्रंथालयाचा सातबारा. तेव्हा आम्ही ते परीक्षेत लिहिलं होतं.

सोलापूरकरानं साडीतून पुस्तकं सोडवली. कोलननं प्रत्येक उघडून बघितलं, पानं मोजली, मागचं-पुढचं पाहिलं, वास घेतला. एका प्रतीवर पूर्वीच्या कुणा मालकाची सही होती, ती तिनं बोटानं चाचपली आणि तशीच राहू दिली. मग शिक्का काढला. शीर्षकपानाच्या मागे एक, ठरलेल्या गुप्त पानावर एक, शेवटच्या पानावर एक. गुप्त पान कोणतं ते तिनं आम्हाला सांगितलं नाही, तसं सांगायचं नसतं.

"जुनाच क्रमांक द्यायचा का?" बारामतीकरणीनं विचारलं. "तेच पुस्तक परत आलंय."

"एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या प्रतीला देत नाहीत. विसरलीस?" कोलन म्हणाली. "ती प्रत गेली. ही नवी. शेऱ्यात जुन्याचा क्रमांक लिहायचा, म्हणजे शोधणाऱ्याला माग लागतो."

नोंदवही तिनं माझ्याकडे सरकवली. मी खांद्याच्या पिशवीतून माझं शाईचं पेन काढलं. तिनं मान हलवली, ड्रॉवरमधून साधं काळं बॉलपेन काढून दिलं आणि समोरच्या बाकावर बसली. बाहेर शाळा सुटली होती, दोन मुलं दाराशी येऊन आम्ही काय करतोय ते बघत होती.

मी लिहिलं. दिनांक. दाखल क्रमांक ६२०७. लेखक, शीर्षक, आवृत्ती दुसरी, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, किंमत. 'कोठून मिळाले' मध्ये आम्हा चौघांची नावं बसेनात म्हणून 'ग्रंथालयशास्त्र वर्ग, पुणे, १९९४' असं लिहिलं. वर्गांक तिनं तोंडी सांगितला. शेऱ्यात: 'दा. क्र. ३११८ च्या बदली.' हे सगळं मी अकरा वर्षांत लिहिलं नव्हतं. अक्षर शाळकरी आलं.

कोलननं वही आपल्याकडे वळवली, चष्मा वर करून ओळ शेवटपर्यंत वाचली आणि प्रकाशकाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"स्थळ राहिलं."

मी स्वल्पविराम देऊन पुढे लिहिलं, मुंबई. मग तिनं दुसरं पुस्तक माझ्यासमोर ठेवलं.